तीन वर्षं, सात वर्षं आणि एक सही

गेल्या गणपतीत मंडळाच्या वर्गणीचा हिशेब लिहीत बसलो होतो. पावतीपुस्तकं जुळत नव्हती, म्हणजे नेहमीसारखंच चाललं होतं. कार्यकर्त्यांपैकी एक मुलगा शेजारी खुर्ची ओढून बसला. तिशी ओलांडलेला, साखरपुडा नुकताच झालेला. आवाज खाली करून म्हणाला, "काका, तुम्ही बँकेत होता ना? हे जरा बघाल?"

फोनवर मेसेज होता. जुन्या क्रेडिट कार्डाची थकबाकी दोन लाख ऐंशी हजार. आज संध्याकाळपर्यंत फक्त दोन हजार रुपये 'टोकन' भरलं, तर फाइल 'लीगल'ला जाणार नाही. खाली पैसे भरायची लिंक. त्याचं बोट त्या लिंकवर जायच्याच बेतात होतं.

हकिगत साधी होती. २०१६ मध्ये पुण्यात पहिली नोकरी, मॉलमधल्या टेबलावर फॉर्म भरला, कार्ड घरी आलं. २०१८ मध्ये नोकरी गेली. जूनमध्ये शेवटचा हप्ता भरला तेव्हा अडतीस हजार बाकी होते. तो बडोद्याला परत आला, नंबर बदलला आणि गोष्ट मागे पडली. "विसरलोच काका," असं तो म्हणाला. पण कर्ज कोणी विसरत नाही, त्या कप्प्याचं दार फक्त उघडत नाही. आता मांजलपूरला फ्लॅट बघितला होता, गृहकर्जाचा अर्ज अडकला होता, आणि त्याच आठवड्यात एका वसुली एजन्सीचं पत्र घरी आलं ते वडिलांनी उघडलं. वडील निवृत्त माणूस. त्यांनी एकच ठरवलं : मुदतठेव मोडायची आणि सगळे दोन लाख ऐंशी हजार भरून टाकायचे. लग्नाआधी घराचं नाव जायला नको.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची सहा वसुली विभागात. त्या खुर्चीवर बसून जे दिसतं ते समोर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. आपल्या मंडळातल्या किती घरांत असा एखादा कप्पा बंद आहे याचा मला अंदाज आहे, म्हणून हे लिहितो आहे.

हप्ता चुकला की बँकेत काय होतं? पहिले नव्वद दिवस खातं नुसतं 'ताणलेलं' म्हणून धरलं जातं, महिन्या-महिन्याच्या तीन पायऱ्यांत. नव्वद दिवस उलटले की ते अनुत्पादक, म्हणजे एनपीए. कार्डाचं असेल तर किमान रक्कमसुद्धा नव्वद दिवसांत पूर्ण भरली गेली नाही की तेच. फोन सुरू होतात ते याच काळात, आधी गोड, मग कमी गोड. पुढे काही काळाने बँक ते कर्ज 'निर्लेखित' करते, इंग्रजीत ज्याला राइट-ऑफ म्हणतात. इथे फार लोक फसतात. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे. बँकेने आपल्या ताळेबंदातून ती रक्कम काढली, तुमच्या नावावरून नाही. वसुली चालूच राहते, कधी बँक स्वतः करते, कधी कमिशनवर एजन्सी लावते, कधी ते कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकूनच टाकते. मग वसुलीचा हक्क त्या कंपनीचा. ती तुमच्या दारात येते तेव्हा नाव अनोळखी असतं, एवढंच.

आणि व्याज? कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के हा दर आपल्याकडे सर्रास असतो. महिन्याच्या व्याजावर पुढच्या महिन्याचं व्याज धरलं तर रक्कम वीस-एकवीस महिन्यांत दुप्पट होते. पन्नास हजार होते ते तीन वर्षांत एक लाख बहात्तर हजारांवर जातात, विलंब शुल्क आणि जीएसटी वेगळे. (ते शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावायला रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत मनाई केली आहे. स्टेटमेंट वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा.) आपल्या पणजोबांच्या काळात याला दामदुप्पटीचा लगाम होता. मुंबई इलाख्यातली न्यायालयं हा जुना हिंदू कायद्याचा नियम पाळत : एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू शकत नाही. बँकेच्या कार्डाला तो लागू नाही. बँकिंग नियमन कायद्यात १९८४ मध्ये आलेलं २१ अ कलम तर सांगतं की बँकेचं व्याज जास्त आहे म्हणून न्यायालयाने व्यवहार पुन्हा उघडायचा नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या व्याजाला वर्षाला तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. मला वैयक्तिक विचाराल तर तो दिवस चांगला नव्हता.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मला माझ्याच एका कामाची कबुली द्यायची आहे.

१९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा विनातारण कर्जासाठी न्यायालयात दावा लावायला बँकेला तीन वर्षं मिळतात. तीन वर्षांत दावा लावला नाही तर न्यायालय तो फेटाळतं. तुम्ही मुदतीचा मुद्दा काढायला विसरलात तरी तिसऱ्या कलमानुसार न्यायाधीशांनी तो स्वतःहून बघायचा असतो. पण या तीन वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यावर आणायची किल्ली त्याच कायद्यात आहे. मुदत संपण्याआधी तुम्ही "हो, एवढं देणं आहे" असं लिहून सही केलीत, तर अठराव्या कलमाने त्या तारखेपासून नवी तीन वर्षं. मुदत संपण्याआधी थोडी रक्कम भरलीत आणि भरल्याची तुमच्या हातची किंवा सहीची नोंद राहिली, तर एकोणिसाव्या कलमाने तेच.

बँकेत आम्ही या कागदाला 'ए.ओ.डी.' म्हणायचो, कर्जाची कबुली. मार्च आला की शाखेत यादी लागायची : कुणाची मुदत या वर्षी संपते आहे. शिपायाला बरोबर घेऊन आम्ही घरोघर जायचो. "काही नाही हो, बाकी किती आहे त्याची नोंद, ऑडिटला लागते." लोक चहा द्यायचे आणि सही करायचे. मी खोटं बोलत नव्हतो, ऑडिटला ती खरंच लागायची. पण सहीने काय होतं हे मी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

ही युक्ती आमच्या बँकेने शोधली नव्हती. १८५९ च्या मुदत कायद्याने साध्या कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली, हेतू असा की जुन्या कर्जाच्या नावाखाली कुळाला आयुष्यभर नाडता येऊ नये. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी मुदत संपायच्या आत सावकार कुळाला बोलवायचा, साचलेलं व्याज मुद्दलात घालायचा आणि नव्या रोख्यावर अंगठा घ्यायचा. नाही दिला तर कोर्टाची धमकी. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दंगा उसळला आणि पुणे-नगर भागात पसरला, तेव्हा लोक सावकारांच्या घरांतून प्रामुख्याने काय मागत होते? कर्जरोखे. ते जाळत होते. सरकारने नेमलेल्या आयोगाने कारणं शोधली त्यात हे तीन वर्षांचं नूतनीकरण होतं, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार दिला. आपली बरीच घराणी पेशवाईनंतर आणि गायकवाडीच्या आश्रयाने इकडे आली, पण ज्यांची मुळं पुणे-नगरच्या गावांत होती त्यांच्या जुन्या पेटाऱ्यांत असे रोखे अजून निघतात.

म्हणून त्या मुलाचं बोट मी थांबवलं. दोन हजारांचं टोकन हे दोन हजारांसाठी कमी आणि नोंदीसाठी जास्त असतं.

त्याचं घड्याळ मग आम्ही दोघांनी मिळून मोजलं, वर्गणीच्याच वहीच्या मागच्या पानावर. शेवटची भरणा जून २०१८. तिथून तीन वर्षं, म्हणजे २०२१ चा जून-जुलै. पण मध्ये करोना. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीत धरायचा नाही असा आदेश दिला होता, तो बऱ्याच लोकांच्या, अगदी काही वकिलांच्याही, हिशेबातून सुटतो. १५ मार्च २०२० ला त्याचे पंधरा-सोळा महिने शिल्लक होते, ते १ मार्च २०२२ पासून पुढे चालले. म्हणजे २०२३ च्या मध्यावर मुदत संपली. मधल्या काळात त्याने ना कुठे सही केली होती, ना पैसे भरले होते, ना त्याच्याविरुद्ध दावा लागला होता. दावा लागला नाही हे गृहीत धरायचं नसतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं, आम्ही बडोदा आणि पुणे दोन्ही शोधले. समन्स आलं आणि कोणी गेलंच नाही तर एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते. तेव्हा नोटिशीला घाबरू नका, पण समन्स मात्र कधीही बाजूला ठेवू नका.

मुदत संपल्यावर टोकन भरलं तर? नुसत्या भरण्याने मेलेली मुदत जिवंत होत नाही. पण करार कायद्याच्या पंचविसाव्या कलमाचं तिसरं पोटकलम असं आहे की मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी, सहीचं वचन दिलंत तर तो नवा, वैध करार होतो. तडजोडीच्या नावाखाली पाठवलेल्या कागदात असं वाक्य कुठे बसलंय का ते वाचल्याशिवाय सही करू नये.

इतकं झाल्यावर मुलगा खूश. "म्हणजे द्यायचंच नाही!"

दुसऱ्या दिवशी वडील माझ्याकडे आले. चिडलेले होते. "मुदत संपली म्हणजे काय? पैसे घेतले होते ना त्याने? हे तू शिकवतोस त्याला?"

आता वडिलांचंही बरोबर होतं, आणि कायदाही त्यांच्या बाजूने आहे, अर्धा का होईना. मुंबईच्या एका मोठ्या कापड गिरणीच्या खटल्यात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की मुदत संपली की उपाय संपतो, देणं संपत नाही. न्यायालयाचा दरवाजा बंद होतो. बँक मागू शकते, फोन करू शकते, तिच्याच शाखेत तुमचे पैसे असतील तर त्यांवर हक्क सांगू शकते. आणि सिबिलवर नोंद राहते.

ही दुसरी मुदत, आणि तिचा पहिलीशी काही संबंध नाही. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्या तुमची माहिती सात वर्षं जपतात असं जे सगळे सांगतात ते थोडं चुकीचं आहे. नियमात ती किमान मुदत आहे, कमाल नव्हे. देणं बाकी आहे तोवर बँक ते कळवत राहते, २०२५ मध्ये तर महिन्याऐवजी पंधरवड्याला कळवणं सुरू झालं. त्यामुळे "सात वर्षं गप्प बसा, आपोआप पुसलं जातं" या सल्ल्यावर घर घ्यायचं ठरवू नका. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो मागवा. आम्ही मागवला तर त्यात एक जुनं मोबाइलचं कर्ज निघालं जे त्याने २०१७ मध्येच फेडलं होतं! चूक कळवली की तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे, नाहीतर एप्रिल २०२४ पासून दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. ती नोंद तीन आठवड्यांत गेली.

वडिलांना खरी भीती वेगळीच होती. ती त्यांनी उठताना विचारली. "पोलीस येतील का रे?"

नाही. कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही. प्रामाणिक पण असमर्थ कर्जदाराला तुरुंगात घालता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात स्पष्ट केलंय. व्हॉट्सअॅपवर येणारं 'वॉरंट' हे कागदावर छापलेलं नाटक असतं. अपवाद एकच, आणि तो महत्त्वाचा : दिलेला चेक परत गेला, किंवा खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैसे नसल्याने परत गेला, तर त्याला फौजदारी कलमं आहेत. म्हणून कोरे चेक देऊन ठेवू नयेत. लोकअदालतीची नोटीस आली तर ती तडजोडीचं बोलावणं असतं, जावं, पण तिथे सही केलेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. वसुलीच्या माणसाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना-मित्रांना छळायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा बजावलंय. तक्रार आधी बँकेकडे लेखी, तीस दिवसांत उत्तर नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. आणि समजा दावा होऊन हुकूमनामा झालाच, तरी पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त होत नाहीत. चाळीस हजार पगार असेल तर जास्तीत जास्त तेरा हजार. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही.

अजून एक गोष्ट वडिलांना सांगितली, ती मात्र त्यांना पटली नाही. मुलाचं कर्ज बापाचं नसतं, ते जामीन राहिले नसतील तर. (जामीन राहणारा माणूस मूळ कर्जदाराइतकाच बांधील असतो, बँक आधी त्याच्याकडेही जाऊ शकते. भाच्यासाठी, साडूसाठी सही करताना आपल्याकडे हे कोणी विचारत नाही.) आणि बापाचं कर्जही मुलाचं नसतं. वारशात जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. पूर्वी हिंदू मुलावर पित्याचं ऋण फेडण्याचं धार्मिक कर्तव्य कायद्याने होतं, ते ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांना लागू नाही. "कायद्याने गेलं असेल," ते म्हणाले, "मी माझ्या वडिलांचं फेडलं होतं." त्यावर मी काय बोलणार?

शेवटी मुलानेच मध्यममार्ग काढला. एजन्सीला नाही, थेट बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. त्यात कुठेही "मी फेडीन" हे शब्द नव्हते. फक्त विचारलं होतं : हे कर्ज आज कोणाकडे आहे, हिशेब काय आहे, ही एजन्सी तुमची आहे का. उत्तर पाच आठवड्यांनी आलं. कर्ज निर्लेखित होतं, विकलेलं नव्हतं, एजन्सी अधिकृत होती, पण ती पैशांची लिंक मात्र बँकेची नव्हती. ती कोणाची होती ते आम्हाला अजून कळलेलं नाही. मग बोलणी झाली. दोन लाख ऐंशी हजारांवरून सुरू झालेली गोष्ट बासष्ट हजारांवर आली. दावा लावता येणार नाही हे बँकेलाही माहीत होतं, आणि त्याला घर हवं आहे हे त्यांनी ओळखलं होतं. बँकेच्या लेटरहेडवर तडजोडीचं पत्र आधी हातात घेतलं, रक्कम एकरकमी, बँकेच्याच खात्यात, त्याच्याच पगारातून. वडिलांची ठेव मोडली नाही.

अहवालात आता 'सेटल्ड' दिसतं. 'क्लोज्ड' नव्हे. गृहकर्जाच्या अधिकाऱ्याला हा फरक लगेच कळतो, आणि त्याने सांगितलं की वर्षभराने अर्ज करा. पूर्ण मागणी भरली असती तर शेरा स्वच्छ झाला असता, पण त्यासाठी दोन लाख अठरा हजार जास्त मोजण्यात मला तरी शहाणपण दिसलं नाही. वडिलांचं मत अजून वेगळं आहे. लग्न मार्गशीर्षात झालं, फ्लॅट दुसऱ्या कोणी घेतला, दोघं सध्या भाड्याने राहतात.

येणं-बाकी-नाहीचं पत्र आलं त्या दिवशी मुलगा ते मला दाखवायला आणत होता. वडिलांनी मध्येच ते घेतलं, चष्मा लावून दोनदा वाचलं, एक झेरॉक्स काढायला लावली आणि मूळ प्रत गोदरेजच्या कपाटात, घराच्या दस्तऐवजांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली. झेरॉक्स माझ्याकडे आली.